घोडी उन्हात मान झटकते, काय करू?

प्रश्न: माथेरानला दस्तुरी नाक्यावर माझी सात वर्षांची घोडी चालते. मार्चपासून उन्हात आली की मान वर-खाली झटकते, फुरफुरते, चालता चालता नाक पुढच्या पायाला घासते. सावलीत गप्प. काल पाठीवर लहान मुलगी होती, माझा जीवच उडाला. लोक म्हणतात नाठाळ झाली. मला नाही पटत.

उत्तर १: दादा, नाठाळ नाही, तिला दुखत असणार. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस हुळहुळी झाली की ऊन, धूळ, वारा कशानेही नाकात झिणझिण्या येतात. मी माझ्या घोड्याच्या म्होरकीला नाकपुड्यांवर बारीक जाळी बांधली, श्वास मोकळा राहील अशी सैल. चार दिवसांत निम्मं कमी झालं. सगळ्यांना लागू पडत नाही, पण खर्च काहीच नाही.

उत्तर २: त्याआधी डॉक्टरांकडून दात, कान, डोळे बघून घ्या. आमच्या घोडीची दाढ गालाला टोचत होती आणि आम्ही महिनाभर लगाम बदलत बसलो. बिचारी!

प्रश्नकर्ता: डॉक्टर सोमवारी येतायत. जाळी आज शिवली. फेऱ्या आता सकाळी आणि पाचनंतरच. तूर्त तिच्यावर पोरांना बसवणार नाही.