मदत हवी आहे: मांडवातल्या फोटोंसाठी ३५ एमएम लेन्स की १७-५० झूम लेन्स?

चोपड्याकडे (जि. जळगाव) नात्यातल्या लग्नांचे फोटो काढतो. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. ५५ ला ती एफ/५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा लहान, तेवढा उजेड जास्त). रात्री आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला हळदीचा पिवळा पार दाणेदार होतो. म्हणून जुनी ५० एमएम एफ/१.८ घेतली. उजेड मिळाला, पण लायटिंगसमोर पांढऱ्या टोपीच्या कडेला जांभळी रेघ! एफ/२.८ ला रेघ बरीच जाते, सोबत अर्ध्याहून जास्त उजेडही. शिवाय लहान सेन्सरच्या क्रॉपमुळे ती ७५ एमएम सारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं; ओसरीत मागे सरकायला जागा कुठे? फ्लॅश नको, म्हातारी माणसं डोळे मिटतात. बजेट १५ हजार, सेकंडहँड चालेल.

३५ एमएम एफ/१.८ पूर्ण उघडी ठेवली तर ही रेघ कितपत दिसते? की एफ/२.८ ची १७-५० झूमच बरी?