टेंपरेचरचा काटा वर येत नाही, मदत हवी आहे

गाडी १९९७ ची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली. कुंभार्ली घाट चढला तरी काटा 'सी'च्या जेमतेम वर असतो. इंजिन मात्र व्यवस्थित तापतं, रेडिएटरचा वरचा पाइप हाताला चटका देतो आणि पंखाही वेळेवर सुरू होतो. त्यामुळे थर्मोस्टॅटचा संशय नाही. कूलंट पूर्ण आहे.

सेंडर (इंजिनात बसणारा, कूलंटचं तापमान काट्याला कळवणारा सेन्सर) नवा टाकला, फरक शून्य. त्याची वायर काढून इंजिनला टेकवली की काटा सरळ 'एच'वर जातो, म्हणजे मीटर आणि वायर ठीक असावेत. बसवण्याआधी सेंडर गरम पाण्यात धरून मल्टिमीटरने पाहिला होता, पाणी तापेल तसा रेझिस्टन्स उतरत होता.

एक गोष्ट खटकते. मेकॅनिकने आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चांगले चार-पाच वेढे दिलेत, पांढरी कड बाहेर दिसते. सेंडरला अर्थ (अर्थिंग, म्हणजे इंजिनच्या धातूशी विजेची जोडणी) त्या आट्यांतूनच मिळतो ना? जुन्या ॲल्युमिनियमचे आटे झिजलेत, उगाच पुन्हा खोलायची भीती वाटते. गणपतीला याच गाडीने कोकणात जायचंय, काट्यावर भरवसा हवा.

सेंडर न खोलता, टेपमुळेच अर्थ तुटतोय की सेंडरच वेगळ्या रेझिस्टन्सचा आलाय, हे मल्टिमीटरने नेमकं कुठे मोजून कळेल?