नववीची सुट्टी आणि पुस्तक परीक्षण: गोष्ट किती लिहायची, मत किती?

मानेवाडा_पालक:
नमस्कार. मुलगी नववीत गेली. शाळेने सुट्टीत तीन मराठी पुस्तकं वाचून प्रत्येकाचं फुलस्केपची दोन पानं परीक्षण द्यायला सांगितलं आहे. वाचून तर राहिली, पण लिहायला बसली की अख्खी गोष्टच उतरवते. चार पानं भरली तरी पुस्तक अर्धंच होतं, आणि मत म्हणून शेवटी एक ओळ: "सर्वांनी वाचावे असे पुस्तक." गोष्ट नेमकी किती लिहायची? पुस्तकं कशी निवडायची, कुठून आणायची? आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात धावपळ होऊ नये म्हणून दिवस कसे वाटायचे?

मराठी_शिक्षिका_९वी_१०वी:
ताई, गोष्ट उतरवली जाते त्याचं कारण वाचताना नोंद केलेली नसते. पुस्तक मिटल्यावर आठवतो तो फक्त घटनांचा क्रम, मग मूल तोच लिहितं. दुरुस्ती वाचनाच्या वेळीच करावी लागते.

वहीच्या पानाचे चार तुकडे करून त्या चिठ्ठ्या पुस्तकात ठेवायला सांगा. वाचताना कुठे थांबावंसं वाटलं, पटलं नाही, राग आला, तर चिठ्ठीवर पान क्रमांक, काय घडलं ते एका ओळीत, आणि मनात आलेला प्रश्न. दीडशे पानांच्या पुस्तकाला सहा ते आठ चिठ्ठ्या पुरतात. चाळीस झाल्या तर निवड करता येत नाही आणि पुन्हा गोष्टच लिहिली जाते.

आता मोजमाप. मध्यम अक्षरात फुलस्केपच्या एका पानावर साधारण दोनशे शब्द बसतात, म्हणजे तुमच्याकडे चारशे आहेत. पुस्तकाची माहिती तीस-चाळीस शब्दांत, कथानक शंभरात, त्याच्या वर नाही. दीड-दोनशे शब्द एकाच प्रसंगाला किंवा एकाच पात्राला द्यायचे. उरलेल्यात भाषा आणि मत.

उदाहरण घ्या, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. कथानक चार वाक्यांत होतं: एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, लोक मुलं पाठवायला तयार नसतात, हळूहळू तो वाडीचाच होतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. झालं. पुढे एकच प्रश्न धरायचा: शिकवायला आलेल्या माणसाकडे वाडी आपली भांडणं, अर्ज, पैशांचे व्यवहार का घेऊन येते? त्याच्या उत्तरासाठी चिठ्ठ्यांमधले दोन प्रसंग पान क्रमांकासह. तालीम बांधायचं ठरतं तो भाग इथे फार उपयोगी पडतो. असं लिहिलं की मत वेगळं चिकटवावं लागत नाही.

"भाषा सोपी व ओघवती आहे" हे वाक्य तर मी दरवर्षी खोडते. त्याऐवजी पुस्तकातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत द्यावं आणि ते का लक्षात राहिलं ते सांगावं. एवढ्यानेच परीक्षण वर येतं.

ग्रंथपाल_नागपूर:
पुस्तकाची माहिती मुखपृष्ठावरून घेऊ नका. आतल्या पानावर लेखक, प्रकाशन, पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं छापलेलं असतं. पुनर्मुद्रणाचं साल पहिल्या आवृत्तीचं म्हणून लिहिणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव हवंच.

निवडीसाठी: मधलं कोणतंही पान उघडून तिला वाचू द्या. त्या एका पानावर सात-आठ शब्द अडले तर ते पुस्तक यंदा ठेवून द्या. तिन्ही कादंबऱ्या नकोत. एक कादंबरी, एक चरित्र किंवा आत्मकथन, एक ललित किंवा निसर्गावरचं, असं घेतलं तर तीन परीक्षणं एकसारखी होत नाहीत. आपल्याकडच्या मुलांना मारुती चितमपल्ली जरूर द्या. नवेगावबांधचं जंगल त्यांच्या लेखनात आहे, आणि ते मुलांनी पाहिलेलं असण्याची शक्यताही आहे. वाचायची सवय तुटली असेल तर आधी आठवडाभर बालभारतीचं 'किशोर' मासिक वाचू द्या. १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

वाचनालयाचं सभासदत्व मे सुरू होण्याआधी घ्या. अनामत, मासिक वर्गणी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. परतीची तारीख चिठ्ठ्यांच्या हिशोबात धरा, नाहीतर पुस्तक परत जातं आणि लिहायचं राहून जातं. जायचं ते सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

आणि कळकळीची विनंती, पुस्तक कूलरच्या झोतात उघडं ठेवू नका. ओल्या हवेनं पानं फुगतात, शिवण सुटते. पान सुटलंच तर सेलोटेप लावू नका, तो काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. तसंच आणून द्या, आम्ही खळ लावून बसवतो.

त्रिमूर्तीनगर_बाबा:
दिवसांचं गणित: आपल्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे १ मेपासून जवळपास आठ आठवडे. एका पुस्तकाला चौदा दिवस. रोज वीस पानं धरली तर आठ दिवसांत १६० पानं, नवव्या दिवशी नुसत्या चिठ्ठ्या लावून पाहायच्या, दोन दिवस कच्चं, एक दिवस वही बंद, एक दिवस पक्कं, एक शिल्लक. तीन पुस्तकांचे बेचाळीस दिवस होतात. उरलेले दोन आठवडे लग्नं आणि गावाला जाणं यात जातातच. वाचन दुपारी बारा ते चारमध्ये बसवा, तेव्हा तसंही बाहेर पडता येत नाही.

मानेवाडा_पालक:
मनापासून आभार. तिने एक कथासंग्रह आणला आहे, बारा कथा. बाराही कथांबद्दल लिहायचं का?

मराठी_शिक्षिका_९वी_१०वी:
नाही. संग्रहात काय प्रकारच्या कथा आहेत ते तीन वाक्यांत, मग फक्त दोन कथा: एक आवडलेली, एक न आवडलेली. न आवडलेलीचं कारण लिहिताना मुलं सगळ्यात चांगलं लिहितात, म्हणून "लेखक मोठे आहेत, असं कसं लिहू" म्हणाली तर अडवू नका. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा मोबाईलवरून तयार मिळालेलं परीक्षण मात्र उतरवू देऊ नका. त्यात पान क्रमांक नसतात, आणि मी वर्गात पहिला प्रश्न त्यावरच विचारते.