अनुभव धागा : टीव्हीवर पहिल्यांदा खेळलात तो दिवस

मे १९९५, सांगली, मामाचं घर. मामेभावाने टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढली, तिथे एक छोटी डबी जोडली आणि चॅनेलचं चाक हळूहळू फिरवायला लागला. आधी नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांमधून निळं आकाश वर आलं, खाली विटांची जमीन आणि तिच्यावर टोपीवाला बुटका माणूस. मी रिमोटवर उजवीकडे दाबलं, तसा तो उजवीकडे चालायला लागला. तोवर टीव्ही म्हणजे समोर मांडी घालून बघायची वस्तू होती. त्यातला माणूस माझं ऐकतो, या आनंदाने मला त्या रात्री झोप लागली नाही.

'कन्सोल' हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. यंत्र म्हणजे टीव्ही गेम, कार्ट्रिज म्हणजे कॅसेट आणि कंट्रोलर म्हणजे रिमोट.

१९८५ सालचा तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० किलोबाइटमध्ये मावतो, हे मला कॉलेजात कळलं. आता सकाळी फोनवर येणारा 'शुभ प्रभात'चा फोटोसुद्धा त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायची म्हणून त्यात ढग आणि झुडूप यांना एकच आकार वापरलाय, नुसता रंग बदललाय. घरी येऊन पुन्हा खेळ लावला आणि खरंच तसं दिसलं! इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असून मला ते कधी दिसलं नव्हतं.

म्हणून हा धागा. पहिला खेळ कुठे, कुणाच्या घरी, कुठल्या यंत्रावर खेळलात ते लिहा. आणि त्याच्या पोटात काय चाललं होतं हे पुढे कधी उमगलं असेल, तर ते जरूर लिहा. आपल्याला जादू वाटली ती बनवणाऱ्यांची काटकसर होती असं मला वाटतं, आणि त्या काटकसरीबद्दल मला फार आदर आहे.

इचलकरंजी, टीव्ही-रेडिओ दुरुस्ती

मी खेळलो कमी, उघडले जास्त. १९९३ ते २००३ या दहा वर्षांत दिवाळी आणि मे महिना आला की दुकानात टीव्ही गेमची रांग लागायची.

आपल्याकडे आलेली बहुतेक यंत्रं निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली तो तयार झाला, किंमत १४,८०० येन. त्यात एक चिप हिशेब करायची आणि दुसरी चित्र काढायची. कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. नकलेत पुढे या दोन्ही चिपा एकातच आल्या आणि त्यावर काळ्या एपॉक्सीचा थेंब. तो थेंब जळाला की काही करता यायचं नाही, गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगायचो. बाकी आजार ठरलेले: अ‍ॅडॅप्टरची वायर जॅकपाशी तुटलेली, रिमोटच्या बटणाखालचं कार्बनचं रबर झिजलेलं, नाहीतर कुणीतरी उलट्या पोलॅरिटीचा अ‍ॅडॅप्टर लावून ७८०५ नंबरचा रेग्युलेटर उडवलेला.

पण एका गोष्टीची खंत आहे. एक मुलगा वडिलांना घेऊन आला. "काका, कॉन्ट्रा गेममध्ये गर्दी झाली की माणसं लुकलुकतात." मी कपॅसिटर बदलला. लुकलुकणं तसंच. दुसरा बदलला, अ‍ॅडॅप्टर बदलला, तीन दिवस यंत्र ठेवून घेतलं. शेवटी पैसे न घेता परत दिलं, पण त्या मुलाचा चेहरा पडला तो पडलाच. बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की ती चित्राची चिप पडद्याच्या एका आडव्या रेघेवर आठच हलती चित्रं दाखवू शकते. नववं आलं की ते गायब. मग कुणीच कायमचं गायब होऊ नये म्हणून खेळ लिहिणारे दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, क्रम बदलायचे. या फ्रेमला हा गाळायचा, पुढच्या फ्रेमला तो. आपल्या डोळ्यांना ते लुकलुकणं दिसतं. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. तो मुलगा आता चाळिशीचा असेल. त्याला हे सांगायचं राहून गेलंय.

नागपूर

आमच्याकडे यंत्र दिवसाच्या भाड्याने यायचं, अनामत ठेवून. दादाच्या हाती पहिला रिमोट, माझ्याकडे दुसरा. दुसऱ्यावर स्टार्टचं बटणच नाही, म्हणजे खेळ सुरू करणं आणि थांबवणं सगळं दादाच्या हातात. ती नकलेची गंमत नव्हती, मूळ फॅमिकॉममध्येही तसंच होतं. तिथे दुसऱ्या रिमोटवर स्टार्टऐवजी चक्क मायक्रोफोन होता, ज्यात ओरडता यायचं.

माझा जीव होता पडद्यावरची बदकं टिपायच्या खेळातल्या बंदुकीवर. दादाचं म्हणणं, बंदुकीला उजेड दिसला की नेम लागतो. म्हणून त्याने ट्यूबलाइटवर रोखून घोडा दाबला. काही नाही. बल्बवर, देवापुढच्या समईवर, काही नाही. खरी युक्ती अशी: घोडा दाबला की क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. आधी अंधार, मग उजेड, असं दिसलं तरच नेम बरोबर. ट्यूबलाइट मध्येच काळी होत नाही, म्हणून ती लबाडी पकडली जाते. गोळी टीव्हीकडे जातच नव्हती, टीव्हीचा उजेडच बंदुकीत येत होता! हे वाचलं त्या दिवशी दादाला फोन केला, आणि पन्नाशीची आम्ही दोघं अर्धा तास समईवर बोलत होतो.

म्हापसा, गोवा

कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारणाऱ्या सगळ्यांना सांगतो, ती चालायची फुंकरीने नाही, काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पिना उलट काळवंडतात. माझ्या कॅसेटी अजून चालतात, कारण आई शाळेत शिक्षिका आणि घरात खोडरबरांची कमी नव्हती. पिनांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, बस्स.

एडिसन, न्यू जर्सी

माझे बाबा सत्तरच्या दशकात इकडे आले. १९८१ च्या थंडीत त्यांनी अटारी कंपनीचं व्हीसीएस हे टीव्ही गेमचं यंत्र आणलं, समोर लाकडासारखी पट्टी असलेलं. हे यंत्र १९७७ चं. त्याची मेमरी १२८ बाइट. चुकून किलो राहिलेलं नाही, नुसते १२८ बाइट. पूर्ण चित्र साठवायला त्यात जागाच नव्हती, त्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर रेघ ओढत असताना पुढच्या रेघेत काय असेल ते प्रोग्रामने त्या त्या क्षणी पुरवायचं. मी स्वतः आता प्रोग्रामर आहे. एकदा हौसेने या यंत्रासाठी लिहायला बसले. एक चेंडू सरळ दिसावा म्हणून दोन शनिवार-रविवार गेले.

'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात चक्रव्यूहात एक ठिपका होता, मागच्या पार्श्वभूमीच्याच करड्या रंगाचा. तो उचलून योग्य जागी नेला की एक गुप्त खोली उघडायची आणि आत वॉरन रॉबिनेट हे नाव झळकायचं. तेव्हा खेळावर बनवणाऱ्याचं नाव छापत नसत, म्हणून त्याने ते असं भिंतीत चिणून ठेवलं. आमचे बाबा हे पाहून गंभीर झाले होते. म्हणाले, "आपल्याकडे देवळाच्या दगडांवर कारागिरांच्या खुणा असतात, तसंच आहे हे."

आणि 'ई.टी.'बद्दल लिहायचंच आहे. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो खेळ बनवायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. १९८३ मध्ये इथला व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला आणि न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये खणून काढल्या तेव्हा त्यात 'ई.टी.'ही निघाला. सगळे त्याला सर्वांत वाईट खेळ म्हणतात. मला तो मनापासून आवडायचा. दुकानात कॅसेटींचा ढीग कवडीमोलाने विकायला लागला तेव्हा बाबांनी तो घेतला. त्यातल्या खड्ड्यात पडलं की मान लांब करून हळूच तरंगत वर यायचं, ते मला शाळेतल्या एकटेपणात फार जवळचं वाटायचं. पाच आठवड्यांत एका माणसाने एवढं केलं, याची मला अजून कमाल वाटते.

पुणे

काकांकडे स्पेक्ट्रम होता. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा ब्रिटनमधला १९८२ चा संगणक, भारतात तो डेसिबेल्स नावाच्या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून आणला. ४८ किलोबाइट. खेळ गाण्याच्या कॅसेटवर, खरोखरच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावायचा, त्यातून कर्कश चिरकणारा आवाज यायचा, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावायचे आणि आम्ही पाच मिनिटं श्वास रोखून बसायचो. शेवटच्या क्षणी चूक झाली की पहिल्यापासून. काका पेचकसाने टेपच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवून आवाज 'टोकदार' करायचे. कुठला आवाज बरोबर, हे मला अजून कानाने सांगता येईल.

नाशिक, वडिलांचं गेम पार्लर होतं

माझ्यासाठी व्हिडिओ गेम म्हणजे आमचं पोट. वडिलांनी १९९२ मध्ये गाळा भाड्याने घेतला. पेटी ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची, आत जुना टीव्ही आणि खेळाचा सर्किट बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. खेळ बदलायचा म्हणजे अख्खी पेटी बदलायची नाही, बोर्ड उपसायचा आणि दुसरा खोचायचा. हे जमतं कारण जपानी कंपन्यांनी १९८५ मध्ये जामा नावाचं ५६ पिनांचं एकच कनेक्टर ठरवलं. वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "सगळ्यांचं तोंड सारखंय, देवाची कृपा."

सर्वांत जास्त चालला तो 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३ चा. मुस्तफा त्यातला एक खेळाडू, पण आमच्याकडे खेळाला दुसरं नावच नव्हतं. तिघांना एकत्र खेळता यायचं. आजूबाजूला सात-आठ पोरं खांद्यावरून वाकून. अनोळखी मुलगा येऊन टोकन टाकायचा आणि दहा मिनिटांत दोघं जिवलग.

एका रविवारी भर गर्दीत ती पेटी टोकन घेईना. वडील घाबरले. बोर्ड गेला तर दोन महिन्यांची कमाई गेली. पेटीची मागची फळी काढली तर खाली ठेवलेला डालड्याचा डबा काठोकाठ भरलेला. टोकनं वर साचून स्विचपर्यंत पोचली होती. डबा रिकामा केला आणि यंत्र सुरू. वडील तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. त्यांना इतकं हसताना मी क्वचितच पाहिलंय.

मोठेपणी वाचलं की १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये अटारीने 'पाँग' या खेळाचं पहिलं यंत्र ठेवलं होतं. ते बंद पडल्याचा निरोप आला म्हणून बनवणारे अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेले. बघतात तर नाणी साचून ओसंडलेली. हे वाचताना मला आमचा डालड्याचा डबा दिसला. वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे त्यालाही आधी धडकी भरली असणार."

वॉशिंग्टन, मुलाकडे आलेला निवृत्त अभियंता

इथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात राल्फ बेअर यांचा 'ब्राउन बॉक्स' आहे. बेअर मूळचे जर्मनीतले ज्यू. १९३८ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत निसटून आले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बस स्टँडवर सहकाऱ्याची वाट बघताना टीव्हीवर खेळता येईल ही कल्पना त्यांना सुचली, आणि १ सप्टेंबरला त्यांनी ती चार पानांत लिहून काढली. त्यातून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स ओडिसी निघाला, घरी वापरायचा पहिला कन्सोल. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर फक्त ठिपके आणि रेघ. मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक कागद चिकटवायचा. गुणही यंत्र मोजत नसे, ते खेळणाऱ्यांनीच लिहून ठेवायचे.

मी त्या पेटीपुढे बराच वेळ उभा होतो. लाकडाचा भास देणारा चिकटकागद वरून लावलाय. आमच्या वर्कशॉपमध्ये आम्हीही पहिलं मॉडेल असंच सजवायचो, साहेबांना दाखवण्याआधी.

सातारा

वरचं गुण लिहून ठेवण्याचं वाचलं आणि आजी आठवली. आमच्याकडे हातातला ब्रिक गेम होता, राखाडी पडद्याचा. त्यातला मुख्य खेळ 'टेट्रिस', वरून पडणारे ठोकळे रचायचा. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो बनवला, तेव्हा त्यांच्या संगणकाला चित्रंच काढता येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी रचले होते. आजीला इंग्रजी येत नव्हतं आणि इथे लागतही नव्हतं. दुपारी भांडी आवरून खिडकीत बसायची, चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले. लांब काठी आली की पुटपुटायची, "आली गं बाई."

सेल काढले की सर्वांत मोठा आकडा पुसला जायचा. म्हणून ती सेल बदलण्याआधी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. १९९९ चं ते कॅलेंडर आईने जपून ठेवलंय. ऑक्टोबरच्या पानावर दोन आकडे खोडून खाली तिसरा लिहिलाय, आणि त्याच्याभोवती गोल.