मदत हवी आहे: फिशटँकमध्ये फिल्टर डावीकडे लावू की उजवीकडे?

जुळेसोलापूर_टँक
लवकर सांगा कुणीतरी. तीन फुटी टँक आहे. आतला फिल्टर २४ तास चालू असतो, तरी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडायलेत. घाण पुढच्या उजव्या कोपऱ्यात साठते. दुकानदार म्हणाला फिल्टरची जागा बदला, पण कुठे ते सांगितलं नाही. डावीकडे लावू की उजवीकडे?

काठावरचा
रुंदी-उंची किती? मासे कोणते, किती? फिल्टर सध्या उभा आहे की आडवा, तळाशी की वर? त्याचं पाणी सोडणारं तोंड कुठे वळलंय? टँक भरून किती दिवस झाले?

जुळेसोलापूर_टँक
३ × १ × सव्वा फूट. गोल्डफिश आहेत. फिल्टर मागच्या काचेला मधोमध, खाली, दगडी किल्ल्याच्या मागे, दिसू नये म्हणून. ताशी ६०० लिटरचा आहे. आता जागा सांगा.

स्पंज_एके_स्पंज
मोटरचा फिल्टर काढूनच टाका. दोन मोठे स्पंज फिल्टर दोन टोकांना ठेवा आणि एक दोन तोंडांचा एअर पंप घ्या. बुडबुडे वर जाताना पाणी हलतं, ऑक्सिजन मिळतो. मासा ओढला जायची भीती नाही, वीजही कमी लागते.

काठावरचा
काढू नका, जागाच चुकली आहे.

किल्ल्यामागे तळाशी ठेवल्यामुळे फिल्टर तेच तेच पाणी ओढतो आणि तिथेच सोडतो. वरचं पाणी थिजल्यासारखं राहतं. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. तो हलला नाही तर खाली मोटर कितीही जोरात चालो, उपयोग नाही. लाईट लावून बाजूने, डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघा. वर तेलकट, इंद्रधनुषी पापुद्रा दिसतोय का? दिसला तर हेच कारण.

आता जागा. डावं-उजवं महत्त्वाचं नाही. मागच्या लांब काचेवरून काढून एका आखूड काचेवर, मागच्या कोपऱ्याजवळ उभा लावा. तोंड टँकच्या लांबीच्या दिशेने आणि किंचित वर. म्हणजे पाणी वरून समोरच्या काचेपर्यंत जातं, तिथून खाली उतरतं आणि तळाने घाण घेऊन परत फिल्टरकडे येतं. तुमची घाण उजवीकडे साठते, म्हणून फिल्टर उजव्या काचेवर लावा. मग तोच कोपरा ओढणारा होईल.

उंचीचं माप: फिल्टरचं तोंड पाण्याच्या इंचभर खाली, बूड खड्यांपासून दोन इंच वर. बूड खड्यांना टेकलं तर वाळू ओढून पंखा घासतो. किल्ला फिल्टरपासून निदान सहा इंच लांब सरकवा. आणि हात घालण्याआधी प्लग काढा.

सातरस्ता
एवढी कसरत कशाला, मागे लटकणारा हँगऑन घ्या. धबधब्यासारखं पाणी पडतं, पृष्ठभाग आपोआप हलतो, आतली जागाही मोकळी राहते.

काठावरचा
हँगऑनला टँक आणि भिंत यात चार-पाच इंच फट लागते, वर झाकण कापावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेत पाणी झपाट्याने आटतं. पातळी दोन इंच उतरली की धबधब्याचा आवाज वाढतो आणि आत ओढणारी नळी हवा घेते. त्यात लाईट गेली आणि डब्यातलं पाणी उतरलं, तर परत आल्यावर मोटर कोरडी फिरते. काही हँगऑन आपोआप पाणी घेतात, सगळे नाही.

स्पंज_एके_स्पंज
म्हणूनच स्पंज म्हणतोय.

सातरस्ता
गोल्डफिशची घाण जाड असते. नुसत्या स्पंजला ती झेपत नाही. आठवड्याला तो गच्च होतो.

स्पंज_एके_स्पंज
गच्च झाला तर पिळून धुवायचा, दहा मिनिटांचं काम. पण हे बरोबर की एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. पंप वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व घाला. त्यावरचा बाण टँककडे हवा.

होटगीरोड
टँक खिडकीजवळ आहे का? ऊन थेट पडलं तर पाणी हिरवं होतं, फिल्टर कुठेही लावा. आधी टँक सावलीत न्या.

जुळेसोलापूर_टँक
पाणी हिरवं नाहीये. पापुद्रा मात्र आहे. मासे सहा आहेत, त्यातले चार ओरँडा, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा फुगवटा असलेले गोल्डफिश. टँक लावून नऊ दिवस झाले. फिल्टर मी काल नळाखाली स्वच्छ धुतला, स्पंज पांढराशुभ्र झाला. तरी आज तेच.

काठावरचा
ही माहिती पहिल्या पोस्टमध्येच हवी होती.

नऊ दिवसांत स्पंजावर घाण पचवणारे जिवाणू जेमतेम बसू लागतात, पुरते बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते नळाच्या क्लोरीनने मारले. वर नव्वद-एक लिटर पाण्यात सहा गोल्डफिश. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनियाही असणार, आणि अमोनियाने कल्ले जळाले तरी मासे असेच वर येतात.

आजच ३० टक्के पाणी बदला. पाणी उघड्या बादलीत २४ तास साठवलेलं असेल तर उत्तम, नाहीतर अँटीक्लोरीन घाला. दोन दिवस खाणं बंद. यापुढे स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, पांढराशुभ्र होऊ देऊ नका. अमोनियाचं टेस्ट किट आणाच.

ओरँडाचं अंग गोल आणि पर लांब असतात, त्यांना जोराचा प्रवाह सोसत नाही. ते एका बाजूला ढकलले जाताना दिसले तर फिल्टरचं तोंड मागच्या काचेकडे तिरकं वळवा.

सातरस्ता
सहा मासे राहणार असतील तर हा टँक पुरत नाही, हे पण सांगा त्यांना.

होटगीरोड
पाणी बोअरचं की उजनी धरणाचं? बोअरचं असेल तर फिल्टरच्या पंख्यावर पांढरा थर बसतो आणि फ्लो अर्धा होतो. विनेगरमध्ये अर्धा तास ठेवून ब्रशने काढा.

काठावरचा
आणखी एक. झाकण बंद आहे का? २५ अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला ७ च्या आसपास. उन्हाळ्यात झाकण उघडं, वर बारीक जाळी, एक छोटा पंखा पाण्यावर तिरका. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान एकदम खाली-वर होतं.

जुळेसोलापूर_टँक
फिल्टर उजव्या काचेवर लावला. दोन बादल्या पाणी बदललं, साठवलेलं होतं. पापुद्रा दहा मिनिटांत फुटला, खाण्याचे कण तळाने सरकत फिल्टरकडे यायलेत. पण सक्शन कप सुटतोय.

काठावरचा
काचेवरचा बुळबुळीत थर पुसा, कप गरम पाण्यात मिनिटभर बुडवून दाबा. मासे उद्या सकाळी लाईट लावायच्या आधी बघा, वर आले असतील तर टेस्ट किटचा आकडा इथे टाका.