तेरुनोफुजी "थांबला नाही" म्हणून योकोझुना झाला? साफ चूक

कृष्णाकाठ

परवा इथेच एकाने मंगोलियन सुमो मल्ल तेरुनोफुजीचा फोटो टाकून लिहिलं होतं: "दोन्ही गुडघे गेले, मधुमेह झाला, तरी गडी थांबला नाही, म्हणून योकोझुना (सुमोतला सर्वोच्च हुद्दा) झाला. आपली पोरं जरा लचकलं की सुट्टी मागतात." खाली नुसता वाहवांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

"थांबला नाही" हे धादांत खोटं आहे. तो थांबला, म्हणून परत आला.

मे २०१५ ला पहिला करंडक, तेविसाव्या वर्षी ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या लगेच खालचा हुद्दा. त्याच सप्टेंबरात गुडघा गेला. त्यानंतरची दोन वर्षं तो खरोखरच नीट थांबला नाही. गुडघ्याला पट्ट्या गुंडाळून उतरत राहिला आणि २०१७ संपता संपता ओझेकीपद घालवून बसला. २०१८ मध्ये ज्युर्यो, म्हणजे वरून दुसरा गट, तोही गेला, म्हणजे पगार गेला, सेवेला असणारी मुलं गेली. मग शस्त्रक्रिया, आणि जुलै २०१८ पासून सलग चार बाशो (स्पर्धा) तो दोह्योवर, म्हणजे सुमोच्या आखाड्यावर, चढलाच नाही. बांझुकेत, म्हणजे हुद्द्यांच्या यादीत, घसरत घसरत तो जोनिदान ४८ वर आला, खालून दुसऱ्या गटात. एके काळचा ओझेकी इतक्या खाली येऊन लढल्याचं त्याआधी एकही उदाहरण नाही. मार्च २०१९ ला उतरला तो सातपैकी सात जिंकूनच. जुलै २०२० ला माएगाशिरा १७ वरून, म्हणजे वरच्या गटाच्या तळातून, थेट करंडक, जुलै २०२१ ला त्र्याहत्तरावा योकोझुना.

आणि ज्या इच्छाशक्तीचे गोडवे गाताय ती त्याची स्वतःची तर संपली होती. निवृत्ती घेतो म्हणून तो ओयाकाताकडे, म्हणजे आपल्या वस्तादाकडे, एकदा नाही, अनेकदा गेला. इसेगाहामा ओयाकाताने, म्हणजे जुन्या असाहिफुजीने, दर वेळी परत पाठवलं: आधी शरीर बरं कर, मग बोलू. ही गोष्ट गुरूची आहे आणि विश्रांतीची आहे. ती "दुखणं अंगावर काढा" म्हणून पोरांना ऐकवू नका.

लालमाती

ती पोस्ट माझी. नाव घ्यायचं होतं की, लाजायचं काय त्यात.

चार बाशो विश्रांती घेतली, मान्य. पण विश्रांती घेणारे शंभर असतात, परत येणारा एक. ज्या माणसाने माकुउचीत, सर्वांत वरच्या गटात, करंडक उचललाय, त्याने आखूड केसांच्या कोवळ्या पोरांबरोबर सकाळच्या रिकाम्या सभागृहात लढायचं, याला काय लागतं ते आखाड्यात उतरलेल्यालाच कळतं. माझा चुलतभाऊ कोल्हापुरात तालमीत होता. गुडघा गेला, वर्षभर घरी बसला, नंतर बरा होऊनसुद्धा परत गेला नाही. का? त्याच्यापेक्षा लहान पोरं पुढं गेली होती, त्यांच्याकडून पाठ टेकवून घ्यायची लाज वाटली. गुडघा नव्हता आडवा आला, मन आलं. तेरुनोफुजीने ती लाज गिळली. मी लिहिलं ते त्याबद्दल.

रेवा_पुणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, तालमीतली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. येतात ती फार उशिरा. लिगामेंट फाटल्यावर चार-सहा महिने मालिश, शेक, पट्टा आणि वर जोर-बैठका चालूच. तोवर आतली गादी झिजलेली असते. वस्तादांना सांगितलं की ऐकायला मिळतं, "आमच्या वेळी असं काही नव्हतं." तुमच्या पोस्टसारखी पोस्ट अशा वस्तादाच्या मोबाइलवर पोचते, तेव्हा तिचा अर्थ एकच लागतो.

लालमातीदादा, चुलतभावाबद्दल वाईट वाटलं. पण तो "बरा" झाला होता हे कुणी तपासलं होतं? की चालता येतं म्हणजे बरा? गुडघ्यावर भरवसा नसलेला माणूस पाय टाकायला कचरतो आणि बाहेरून ती भीती दिसते.

लालमाती

ताई, तपासायला पैसे लागतात. एमआरआयचे पैसे कुठून आणायचे, खुराकाचं दूध-बदाम घरची म्हैस विकून चाललं होतं. सुमोत निदान हेयात, म्हणजे त्यांच्या तालमीत, राहणं-जेवण तरी फुकट आहे.

नागोयाकर

मी गेली बरीच वर्षं इथे राहतो, जुलैचा बाशो चुकवत नाही. २०२४ ला नागोयाच्या जुन्या सभागृहात त्याने ताकानोशोला निर्णायक लढतीत हरवून दहावा करंडक घेतला तेव्हा मी वरच्या मजल्यावर होतो. लोक उभे राहून ओरडत होते.

तरीही मला हे देव्हाऱ्यात बसवणं पटत नाही. मार्च २०१७, ओसाका, चौदावा दिवस विसरलात? कोतोशोगिकू ओझेकीपद परत मिळवण्यासाठी धडपडत होता, कारकिर्दीतली शेवटची संधी. समोर ओझेकी तेरुनोफुजी. आणि याने काय केलं? हेन्का. बाजूला सरकला, म्हातारा गडी तोंडावर आपटला, संधी संपली. ओझेकीने असं करायचं नसतं. मी टीव्ही बंद केला होता त्या दिवशी.

कृष्णाकाठ

नागोयाकर, विषय गुडघ्याचा आहे. त्याचा गुडघा तेव्हाही धड नव्हता. धडक घेता येत नसताना जबरदस्तीने उतरलेला माणूस बाजूला सरकणार नाही तर काय करणार? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

नागोयाकर

धडक घेता येत नसेल तर उतरू नये. उतरलात तर समोरच्याचा मान राखा. हेन्का नियमात बसतं, पण पदाला शोभत नाही. पुढच्याच दिवशी योकोझुना किसेनोसातोचा खांदा-छाती निकामी होती. तोही सरकू शकला असता घरी. तो आला, आणि याला एकदा नाही, दोनदा हरवून करंडक घेऊन गेला. मोठेपणा त्याला म्हणतात.

कृष्णाकाठ

आणि त्या मोठेपणाचं पुढे काय झालं तेही लिहा की! एकोणीस वर्षांनी जपानला जपानी मातीतला नवा योकोझुना मिळाला होता. त्या एका रविवारी तो जिंकला, त्यानंतर एकामागून एक बाशो अर्धवट सोडले नाहीतर उतरलाच नाही, आणि जानेवारी २०१९ ला संपला. योकोझुना म्हणून तो एकच करंडक. २००१ ला योकोझुना ताकानोहानाचं हेच. फाटलेल्या गुडघ्यावर जिंकला, पंतप्रधान कोइझुमी दोह्योवर येऊन "वेदना सोसून लढलास" म्हणाले, देश रडला. मग सलग सात बाशो घरी, पुन्हा कधी करंडक नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाने तरी "पोरा, उद्या उतरू नको" म्हटलं होतं का?

दूरदेशी

मला नागोयाकरांशीच बोलायचं आहे. त्या हेन्कानंतर प्रेक्षकांतून "मंगोलियाला परत जा" असं ओरडलं गेलं, आणि एका क्रीडा दैनिकाने ते मथळ्यात छापलं. तुम्ही हेन्का लक्षात ठेवलंत, हे नाही. जपानी मल्ल हेन्का करतात तेव्हा त्यांना कुठे परत जायला सांगतात?

मी ओसाकात दहा वर्षांहून जास्त राहिलो. कामात चूक झाली की ती माझी नसायची, माझ्या देशाची असायची. त्यामुळे पुढे बोलण्याआधी विचार करा.

नागोयाकर

मी त्या ओरडण्याचं समर्थन कुठे केलं? तोंडात शब्द घालू नका. मीही इथे परकाच आहे, मला शिकवू नका परकेपण काय असतं ते. घर भाड्याने देताना मालकाने तोंडावर दार लावलेलं आहे माझ्या. पण परका आहे म्हणून हेन्का माफ, असंही नाही.

दूरदेशी

माफ करा असं म्हणतच नाही. एका बाजूला सरकण्याला सात-आठ वर्षं धरून बसलाय, त्याचं मोजमाप सर्वांना सारखं लावा एवढंच म्हणतो. मंगोलियाच्याच योकोझुना हाकुहोलाही असंच झालं. पंचेचाळीस करंडक, तरी शेवटपर्यंत "योकोझुनाला शोभत नाही" ऐकत राहिला. तोच मुलगा २००० साली बासष्ट किलोचा म्हणून कुठलीही हेया घेत नव्हती, परतीच्या वाटेवर होता. तो गेला असता तर तुमच्या प्रिय परंपरेचं काय उरलं असतं? आणि खेळ संपल्यावर ओयाकाता व्हायचं तर नागरिकत्वसुद्धा बदलायचं. तेरुनोफुजीने २०२१ ला तेही केलं. तरी तो तुमच्यासाठी ओसाकाचा हेन्कावाला.

नागोयाकर

"तुमच्या प्रिय परंपरेचं" हे माझ्यावर ढकलू नका. हाकुहोची एल्बोची धडक मला आवडली नाही, ती जपानी मल्लाने मारली असती तरी आवडली नसती. बाकी, मथळ्याचं म्हणाल तर ते नीच होतं. हे मी आधीच लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

रेवा_पुणे

भांडण पुरे, एक विचारते. २००४ च्या आधी दुखापतीसाठी कोशोची सोय होती ना? बाशोत दुखापत झाली तर पुढच्या बाशोला बसलं तरी हुद्दा घसरायचा नाही. १९७२ पासून होती ती. मग काढली का?

कृष्णाकाठ

गैरफायदा घेतात म्हणून. सवलत घेणाऱ्यांची संख्या फुगली आणि संघटनेने सगळीच पद्धत मोडीत काढली. आता वर्षाला सहा बाशो, बसलात तर घसरलात, गुडघा फाटलेला असो वा बहाणा. या धाग्याचा मूळ मुद्दा हाच आहे, तो मंगोलियापर्यंत गेला ही गोष्ट वेगळी.

योकोझुना तेरुनोफुजी बघा. एकवीस बाशोंपैकी पूर्ण लढला फक्त आठ. तेरा वेळा गैरहजर किंवा अर्ध्यावर माघार. त्या आठांपैकी सहा करंडक! कारण योकोझुनाला खाली ढकलत नाहीत. गुडघा तोच, मधुमेह तोच, पण वर पोचल्यावर त्याला बसायची मुभा होती. हीच मुभा २०१६ ला ओझेकी असताना मिळाली असती तर त्याला जोनिदान बघावंच लागलं नसतं. आणि माएगाशिरा दहावर असलेल्या एखाद्या पोराला ती आजही नाही.

लालमाती

हा आकडा मला माहीत नव्हता. आठात सहा.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. सोय असती तर बरं झालं असतं, कबूल. पण सोय नव्हती, आणि उरा काय, तोचिनोशिन काय, तेरुनोफुजी काय, सोय नसताना खालून वर आले. त्यांना "पद्धतीचे बळी" म्हणून बाजूला ठेवलंत तर त्यांच्या कष्टाचा अपमान आहे.

रेवा_पुणे

त्यांच्या कष्टाला कुणी नाही म्हणत नाहीये. न आलेल्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, एवढंच. तुमच्या चुलतभावासारखे.

लालमाती

ताई, त्याचं नाव काढू नका आता.

पोस्टमधलं "आपली पोरं सुट्टी मागतात" हे वाक्य काढतो. बाकीची पोस्ट तशीच राहील.

नागोयाकर

आणि हेन्का हेन्काच राहील.