रिमोटची गाडी आणि घरातली पोरं: तुमचे अनुभव सांगा

पुणे, धागा काढणारा बाबा

आमच्या माळ्यावर बुटांचा एक खोका आहे. त्यात रिमोटच्या तीन गाड्या विसावल्यात. पहिली वाढदिवसाला आली आणि तिसऱ्या दिवसापासून फक्त डावीकडे वळायला लागली. दुसरीचा रिमोट हरवला. तिसरी चालते, पण खालच्या मजल्यावरच्या मुलाने त्याची गाडी काढली की आमची आपोआप गरागरा फिरते. दोन्हींचे रिमोट एकाच, २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारे. रिमोट कुणाचाही असो, ऐकणार दोघी. लेकीला त्यातच गंमत वाटते. गाडी थरथरली की ओरडते, "बाबा, तो शाळेतून आला!"

आता ती सातची होतेय आणि या वेळी जरा डोकं लावून घ्यायचीय. कंपनीची नावं नकोत. तुमच्या घरी कुठली गाडी सहा महिन्यांनंतरही जमिनीवर होती आणि का, ते लिहा. कुठली फसली तेही लिहा. आणि हो, मलाही खेळायचंय, हे आधीच कबूल करतो.

ठाणे, दोन मुलींची आई (९ आणि ५)

आमची पहिली खरेदी सपशेल फसली. खोक्यावर 'ताशी ३० किमी' लिहिलेलं पाहून नवरा हरखला. आमचा हॉल चौदा फुटी. हिशेब करा, तेवढं अंतर ती गाडी अर्ध्या सेकंदात कापते. म्हणजे बटण दाबलं की धाडकन भिंत. धाकटी घाबरून सोफ्यावर चढायची आणि मोठी पाच मिनिटांत कंटाळायची. पुढचा बंपर आठवड्यात गेला.

मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून क्रॉलर घेतला, १:१६ चा, म्हणजे खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्शाएवढा. हा माणसाच्या चालण्याच्या वेगाने जातो, काही वेळा त्याहूनही हळू. मोटर जोरात फिरते, पण गिअर तो वेग खाऊन ताकद वाढवतात, आणि चारही चाकं ओढतात. त्यामुळे उशी, चप्पल, झोपलेला बाबा, सगळ्यावरून चढतो. नवरा आधी म्हणाला, "ही काय बैलगाडी आणलीस?" आता तोच रात्री मुली झोपल्यावर पुस्तकांचे चढ लावत बसतो.

हळू गाडीचा खरा फायदा मला नंतर कळला. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं. मोठ्यांचाही गोंधळ होतो, पाच वर्षांची मुलगी तर रडतेच. क्रॉलरच्या मागे मागे ती चालू शकते, म्हणजे गाडीचं आणि तिचं तोंड एकाच दिशेला राहतं. दोन महिन्यांनी तिला मागे चालायची गरज उरली नाही. कधी जमलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुकानात एक गोष्ट नक्की बघा. रिमोटवरचं स्टिअरिंगचं चाक किंचित फिरवलं तर गाडीची चाकं किंचितच वळतात का? ट्रिगर थोडासा दाबला तर गाडी हळूच निघते का? स्वस्तातल्या गाड्यांत मधलं काही नसतं. वळली तर पूर्ण, धावली तर पूर्ण. मग मूल चालवायला शिकत नाही, नुसती बटणं बडवतं.

आमच्या घरी सध्या गादीवर वरंधा घाट आहे. मोठीने टोलनाकाही बसवलाय. दर फेरीला एक कवडी. मला सूट नाही.

कोल्हापूर

मेव्हण्याने पोराला साडेचार हजारांची मॉन्स्टर ट्रक आणली. पोरगं तीन वर्षांचं. गाडी मेव्हणा चालवत होता, पोरगं खोक्यात बसून 'भुर्रर्र' करत होतं. दोघंबी खूश. वयाचा विचार करा, एवढंच सांगायचं होतं.

नाशिक, कामधंदा इलेक्ट्रिकलचा

गाडीबद्दल सगळे लिहितायत, बॅटरीबद्दल मी लिहितो.

पेन्सिल सेलवर चालणारी गाडी वरवर स्वस्त पडते, पण सेल विकत आणून आणून वर्षात दुसऱ्या गाडीचे पैसे जातात. चार्जिंगवाली घ्या. साधारण दोन-तीन तास चार्जिंग आणि पंधरा-वीस मिनिटं खेळ, हे गणित मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रोज रडारड. दुसरी बॅटरी घेतलीत तर दोन फेऱ्यांच्या मध्ये मोटर गार होऊ द्या. हात लावून चटका बसत असेल तर थांबा.

जरा वरच्या गाड्यांत लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी येते. दोन सेलची असेल तर ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. ती पार रिकामी करायची नाही, दर सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. तशीच भरलेली महिनोन्महिने ठेवायचीही नाही. सेलमागे ३.८ च्या आसपास ठेवून द्यायची. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. मे महिन्यात पूर्ण भरलेली बॅटरी मी कपाटावर विसरलो आणि जूनमध्ये बघतो तर ती पुरीसारखी टम्म. बायकोने ती घरात एक मिनिट ठेवू दिली नाही, बरोबरच केलं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, भोक पाडायचं नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचऱ्यात द्यायची. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर कधीच नाही, रात्रभर तर नाहीच.

अजून एक. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या. छंदवाल्यांच्या वेगवान गाड्यांच्या खोक्यावर बहुतेक वेळा '१४+' असतं. ते शोभेला छापलेलं नाही. ताशी पन्नासने येणारी दीड किलोची वस्तू नडगीवर आदळली की काय होतं, ते माझ्या नडगीला विचारा.

तोक्यो, निशिकासाई

इथे आल्यावर मुलासाठी (तेव्हा १० वर्षांचा) तामिया या जपानी कंपनीचा किट घेतला, ग्रासहॉपर नावाच्या गाडीचा. मूळ गाडी १९८४ सालची, नंतर पुन्हा बाजारात आणलेली. कंपनीने पहिली रिमोट गाडी १९७६ मध्ये काढली, पोर्शे ९३४. त्यामुळे इथल्या बऱ्याच बाबा लोकांच्या लहानपणी हीच खेळणी होती आणि बागेत गाडी काढली की पन्नाशीचे गृहस्थ मुलांआधी जवळ येतात.

किट म्हणजे खोक्यात गाडी नसते, सुटे भाग असतात. रिमोट, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यावे लागले, त्यामुळे बजेट आधीच ठरवा. आम्हाला जोडायला चार रविवार लागले. दुसऱ्या रविवारी कळलं की गिअरबॉक्समधला एक बेअरिंग आम्ही बसवलाच नव्हता, तो चहाच्या बशीत होता. सगळं परत खोललं. मुलगा वैतागला नाही, मी वैतागलो. पण त्यानंतर गाडीत 'कट्कट्' आवाज आला की तो कुठून येतोय हे तो मला सांगतो. ही गाडी फार वेगवान नाही, छोटी ३८० ची मोटर, फक्त मागची चाकं ओढतात. वाळूत मस्त उड्या मारत जाते. मोडला तो भाग सुटा मिळतो. तीन वर्षांत पुढचा बंपर दोनदा आणि टायर एकदा बदलले.

तयार गाडी घेतलीत तरी, घेण्याआधी तिचे सुटे गिअर आणि टायर मिळतात का, एवढं विचारा.

कुडाळ, आजोबा

नातू मुंबईहून मे महिन्यात गाडी घेऊन येतो. खळ्यात चालवतो. तांबडी माती गिअरमध्ये जाते, मग गाडी खरखरते. पहिल्या वर्षी मी शिवणयंत्राचं तेल घातलं. मोठी चूक. तेलावर धूळ चिकटून लापशी झाली. आता जुना टूथब्रश, बस. धुऱ्यावर गुंडाळलेले केस आणि सुंभाचे धागेही काढायचे.

भोगव्याला समुद्रावर मात्र नेऊ नका. एकदा नेली, खाऱ्या पाण्याचे चार थेंब उडाले, घरी येऊन कुणी पुसली नाही. दहा दिवसांत बेअरिंग गंजले.

कोंबडा गाडीवर धावून जातो. त्यावर उपाय मिळालेला नाही.

सोलापूर, जुळ्यांची आई

दोन पोरं, एक गाडी, हे करू नका हो. आम्ही एकाच मॉडेलच्या दोन साध्या घेतल्या, २.४ गिगाहर्ट्झच्या. रिमोट आपापल्या गाडीशीच जोडलेला, त्यामुळे शेजारी शेजारी चालतात. वर्षाने एकीची मोटर गेली, दुसरीचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर. दोन्हींची मिळून एक केली. आता पुन्हा दोन पोरं, एक गाडी.

पुणे, धागा काढणारा बाबा

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

तोक्योकरांचं वाचून आधी बुटांचा खोका खाली काढला. लेकीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. पहिल्या गाडीच्या रिमोटमध्ये उजव्या बटणाची तार सुटली होती, बाकी काही नाही. मला सोल्डरिंग जमत नाही, म्हणून तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या काकांनी दोन मिनिटांत जोडून दिली आणि पैसेही घेतले नाहीत. गेली दोन वर्षं ती बिचारी डावीकडेच वळत होती.

मग क्रॉलर घेतला, ठाणेकर ताईंची परीक्षा दुकानात घेऊनच. दुकानदार म्हणाला, "साहेब, हिच्यापेक्षा फास्ट दाखवू का?" नको म्हटलं. जास्तीची बॅटरी घेतली, गिअर मिळतात का विचारलं. चार्जिंग फरशीवर.

काल खालचा मुलगा त्याची जुनी गाडी घेऊन वर आला. दोघांनी शेजारी शेजारी चालवल्या. नवी २.४ वाली, त्यामुळे ती त्याच्या रिमोटला जुमानत नाही. लेक थोडा वेळ बघत राहिली आणि जरा हिरमुसलीच.

"बाबा, मग आता तो शाळेतून आला हे कळणार कसं?"

तिसरी गाडी माळ्यावरून काढून परत खिडकीत ठेवलीय. सेल घालून, चालू करून.